पेडल दाबलं की गाडी अर्धा सेकंद गप्प! (कार्बोरेटर काढून बसवलेलं इंजेक्शन किट)

जुनीगाडी
नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज अडलंय म्हणून धागा काढतोय.

गाडी जुनी, इंजिन आठ सिलिंडरचं, मूळची चार बॅरलच्या कार्बोरेटरची. दोन महिन्यांपूर्वी कार्ब उतरवला आणि त्याच बैठकीवर बसणारं थ्रॉटल बॉडी इंजेक्शन किट लावलं. चार इंजेक्टर, एक वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर, चालता चालता स्वतः शिकणारा ईसीयू (इंजेक्शनचा संगणक) आणि तळहाताएवढा स्क्रीन. टाकीत नवा पंप, रिटर्न लाइनसकट. इग्निशन, म्हणजे ठिणगीचं काम, किटच्या ताब्यात दिलेलं नाही. ते डिस्ट्रिब्युटरकडेच आहे, ईसीयूला फक्त कॉइलच्या निगेटिव्हवरून आरपीएम मिळतो.

एका सेल्फमध्ये सुरू होते, आयडल घड्याळासारखं. पण टॉप गिअरमध्ये 1500 ते 2000 आरपीएमवर निवांत चाललेली असताना पेडल झटकन अर्धं दाबलं की दम खाते. अर्धा सेकंद काहीच नाही, कोणी चावी फिरवून बंद केल्यासारखं. कधी वरून एक शिंक येते. मग एकदम धक्का देऊन उचलते. पूर्ण दाबलं तर तो खड्डा आणखी मोठा. हळूहळू दाबलं तर काही नाही. न्यूट्रलमध्ये रेस दिली तरी काही नाही, सुई टणकन वर जाते!

जो भेटतो तो म्हणतो, ॲक्सिलरेशन एनरिचमेंट (पेडल दाबल्यावर मिळणारं जास्तीचं पेट्रोल) वाढव. आधी 10 टक्के वाढवलं, मग 25, आता 40. खड्डा जिथल्या तिथे आहे, फक्त आता मागून काळा धूर येतो.

चौथा गिअर
शिंकते म्हणजे लीन, पेट्रोल कमी पडतंय, त्यात काय विचारायचं? वाढव अजून. माझ्या गाडीला 60 टक्के लागलं होतं.

नवशिक्या
बाळबोध प्रश्न, रागावू नका. ईसीयू हवेच्या हिशेबानेच पेट्रोल देतो ना? मग पेडल दाबल्यावर वेगळं जास्तीचं कशाला?

तेलकट हात
@नवशिक्या, बाळबोध वगैरे काही नाही. अर्ध्या लोकांना हे माहीत नसतं आणि तरी ते आकडे फिरवत बसतात.

इंजेक्टरमधून निघालेलं सगळं पेट्रोल सिलिंडरमध्ये पोचत नाही. काही थेंब मॅनिफोल्डच्या (सिलिंडरकडे मिश्रण नेणाऱ्या नळ्यांच्या) भिंतीला चिकटतात आणि तिथे एक पातळ थर राहतो. गाडी एका चालीत असते तेव्हा जेवढं चिकटतं तेवढंच उडून जातं, हिशेब बरोबर सुटतो. आता तुम्ही पेडल दाबलं. मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम पडला, दाब वाढला. कमी दाबात पेट्रोल पटकन उडतं, जास्त दाबात उडत नाही. म्हणजे नेमकी हवा धावत आत येते त्याच क्षणी भिंत आपला हप्ता वाढवून मागते, आणि सिलिंडरच्या वाट्याला कमी येतं. तो हप्ता भरण्यापुरतं क्षणभर जास्तीचं पेट्रोल म्हणजे ॲक्सिलरेशन एनरिचमेंट. कार्बमध्ये हेच काम ॲक्सिलरेटर पंप पिचकारी मारून करायचा.

इंजेक्टर व्हॉल्व्हच्या तोंडाशी असतील तर भिंत थोडी, हप्ता थोडा. थ्रॉटल बॉडी किटमध्ये पेट्रोल वरून पडतं आणि अख्खा मॅनिफोल्ड ओलांडून जातं, म्हणून इथे हा आकडा मोठा लागतो. इंजिन थंड असेल तर त्याहून मोठा.

अवांतर: हा प्रश्न आजचा नाही. 1967 च्या बॉश डी-जेट्रॉनिकमध्ये थ्रॉटलच्या स्विचमध्ये कंगव्यासारख्या दातांची पट्टी होती. पेडल दाबताना काटा त्या दातांवरून सरकायचा आणि प्रत्येक दाताला एक जास्तीचा पल्स सुटायचा. पुढे 1974 च्या एल-जेट्रॉनिकमध्ये हवा मोजणारी झडप पेडल दाबल्यावर झटक्याने गरजेपेक्षा पुढे जायची, त्यामुळे जास्तीचं पेट्रोल आपोआपच मिळायचं. ज्याने ते पाहिलं त्याला आजचे स्क्रीन बघून थोडं हसू येतं.

बोनेटखाली
काकांनी छान सांगितलं. पण @जुनीगाडी, आकडा फिरवायच्या आधी लॉग दाखवा. तुमच्या किटमध्ये रेकॉर्डिंग असणारच. रिकाम्या सरळ रस्त्यावर, शेजारी कोणाला तरी बसवून, 1700 वर स्थिर करा आणि अर्धं पेडल झटकन. तीन वेळा. थ्रॉटल टक्के, मॅप (मॅनिफोल्डमधला दाब), एअर-फ्युएल (हवा-पेट्रोलचं प्रमाण, आकडा मोठा तर लीन, लहान तर रिच), पल्स विड्थ (इंजेक्टर किती वेळ उघडा राहतो), आरपीएम, बॅटरी व्होल्टेज, सगळं हवं.

फ्युएल प्रेशरचं गेज असेल तर तेही बघा, फक्त होज घेऊन आत केबिनमध्ये आणू नका. गेज बाहेर, पुढच्या काचेला टेपने चिकटवा. 58 पीएसआयचा दाब त्या क्षणी 40 वर आला तर इंजेक्टर सुमारे 17 टक्के कमी देतो, कारण प्रवाह दाबाच्या वर्गमुळावर चालतो. म्हणजे 40 टक्के वाढवल्यातले बरेचसे तिथेच गेले.

अर्ध्या पान्याचा
टीपीएस, म्हणजे थ्रॉटल किती उघडला ते सांगणारा सेन्सर, बघा राव. माझ्या गाडीत सेन्सरच्या पट्टीवर घासून घासून एक मुकी जागा झाली होती. चावी चालू, इंजिन बंद, पेडल सावकाश दाबत मीटर लावायचा. 0.5 व्होल्टपासून 4.5 पर्यंत न अडखळता चढला पाहिजे. माझा 1.1 वर आला की शून्यावर आपटायचा. ईसीयूला वाटायचं पेडल सोडलं!

रिकामटेकडा
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

जुनीगाडी
लॉग घेतला. तिन्ही वेळा जवळपास सारखंच. एक उतरवून काढतो.

पेडल दाबायच्या आधी: थ्रॉटल 7 टक्के, मॅप 42 किलोपास्कल, एअर-फ्युएल 14.2, पल्स 2.9 मिलिसेकंद, आरपीएम 1720, बॅटरी 14.1.
दोन दशांश सेकंदांनी: थ्रॉटल 38, मॅप 88, पल्स 9.4, एअर-फ्युएल अजून 14.1.
आणखी तीन दशांशांनी: एअर-फ्युएल 17.6, आरपीएम 1710. हाच तो खड्डा.
सेकंदभराने: 10.9, आणि गाडी पळायला लागलेली.

प्रेशर 58 वरून हलत नाही. टीपीएस स्वच्छ चढतो. मॅनिफोल्डच्या बुडाशी, ब्रेक बूस्टरच्या नळीशी, पीसीव्ही झडपेशी स्प्रे मारून पाहिला, आयडल बदलत नाही, म्हणजे हवा कुठून शिरत नाही. टायमिंग लाइटही लावला: व्हॅक्यूम ॲडव्हान्स धरून क्रूझला 36 अंशांच्या आसपास दिसतं.

चौथा गिअर
17.6! घ्या. मी काय म्हणत होतो?

तेलकट हात
जुनीगाडी, एक विचारतो. एनरिचमेंट कंपनीच्या आकड्यावर होतं तेव्हाचा लॉग आहे का? तेव्हा खड्ड्यातलं एअर-फ्युएलचं टोक किती होतं?

जुनीगाडी
आहे काका. 17.8.

तेलकट हात
मग इथेच थांब आणि पेट्रोल सोड.

40 टक्के जास्त ओतलंस. पल्स 2.9 वरून 9.4 झाली, म्हणजे ईसीयूने दिलं. दाब टिकला, म्हणजे इंजेक्टरने सोडलं. आणि टोक 17.8 चं 17.6. उपाशी माणसाला दीडपट जेवायला घातलं आणि तो तेवढाच उपाशी राहिला, तर तो उपाशी नव्हता, आजारी होता.

वाइडबँड सेन्सर पेट्रोल मोजत नाही, हे डोक्यात पक्कं बसव. तो फक्त धुरातला ऑक्सिजन बघतो. सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही तर तिथली हवा आणि पेट्रोल न जळता तसंच बाहेर येतं. त्यातला सगळा ऑक्सिजन शाबूत असतो. सेन्सर म्हणतो, बाप रे, केवढी हवा, लीन! प्रत्यक्षात पेट्रोलने प्लग भिजलेले असतात. मिसिंग मारणारी गाडी स्क्रीनवर नेहमी लीन दिसते.

आता न्यूट्रलचा पुरावा बघ. रेस देताना इंजिनावर भार नसतो, सिलिंडर क्षणभर भरतात आणि इंजिन लगेच पळतं. टॉप गिअरमध्ये 1700 वर पेडल दाबलंस तर मॅप 88 वर जाऊन तिथेच राहतो. सिलिंडर ठासून भरलेला, आणि प्लगच्या फटीतून उडी मारायला ठिणगीला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. हळू दाबलंस की दुबळी ठिणगी कशीबशी निभावते. झटकन दाबलंस तर मिश्रणही क्षणभर थोडं पातळ होतं, मग ती हात टेकते.

माझा रोख स्पार्कवर आहे.

चौथा गिअर
काका, एक्झॉस्ट लीक असला तरी सेन्सर लीनच दाखवतो की. सेन्सरच्या अलीकडे कुठे गॅस्केट गेलं असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते.

तेलकट हात
बरोबर, आणि तो तपासायलाच हवा. पण तसा लीक जास्त करून आयडलला आणि पेडल सोडल्यावर फसवतो, धुराचा जोर कमी असतो तेव्हा. याचं आयडल ठीक आहे. जोर असताना हवा आत येत नाही, धूर बाहेर जातो. शिवाय लीक सेन्सरला फसवतो, माणसाला नाही. याच्या बुडाला तो खड्डा खरोखर जाणवतोय.

ओहमचा नियम
उशिरा आले, पण माझ्या विषयावर गाडी आलेली दिसते 🙂

@जुनीगाडी, तीन प्रश्न. इग्निशन पॉइंटवालं (डिस्ट्रिब्युटरमधल्या यांत्रिक स्विचचं) आहे की इलेक्ट्रॉनिक? ते कधी बदललं? इंजिन चालू असताना कॉइलच्या पॉझिटिव्हवर किती व्होल्ट येतात? बॅटरीवर नाही, कॉइलवर.

जुनीगाडी
ताई, पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल टाकलं, किट बसवलं त्याच आठवड्यात. "एवढं उघडलंच आहे तर" म्हणून. कॉइलही त्याबरोबरची नवी, 3 ओहमची. मीटर उद्या लावतो.

ओहमचा नियम
"एवढं उघडलंच आहे तर" हे वाक्य प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर लाल रंगात लिहायला हवं. दोन गोष्टी एका आठवड्यात बदलल्या, आणि दोन महिने दोष फक्त एकीला दिला.

जुनीगाडी
मोजलं. बॅटरी 14.1. कॉइल पॉझिटिव्ह 10.2.

काहीच कळेना, म्हणून चावीच्या स्विचपासून तार धरून आलो. बोनेटखाली कुठे पांढरा सिरॅमिक बॅलास्ट (कॉइलचा करंट आवरणारा रोध) नाही, म्हणून मी तो विषयच सोडून दिला होता. फायरवॉलजवळ लूमची, म्हणजे तारांच्या जुडग्याची, टेप सोडवली तर आत एक वेगळीच तार निघाली. इन्शुलेशन कडक, कापडी, बाकीच्या तारांपेक्षा जाड, आणि हाताला कोमट! टोकाटोकाला 1.4 ओहम.

ओहमचा नियम
सापडला. ती रोधाची तार. काही जुन्या गाड्यांत बॅलास्ट वेगळा लावत नसत, लूममध्येच अशी तार घालायचे. पॉइंटवाल्या कॉइलसाठी ती बरोबर होती, पॉइंट जळू नयेत म्हणून. तुमच्या मॉड्यूलला आणि 3 ओहमच्या कॉइलला पूर्ण 12 व्होल्ट हवेत.

हिशेब करू. तार नसती तर 14.1 भागिले 3, म्हणजे 4.7 अँपिअर. तारेसकट 14.1 भागिले 4.4, म्हणजे 3.2. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गावर जाते. 3.2 चा वर्ग सुमारे 10, 4.7 चा 22. निम्म्याहून कमी ठिणगीवर दोन महिने गाडी चालवलीत.

आता एक कळकळीची सूचना, तुमच्यासाठी नाही, मागाहून वाचणाऱ्यांसाठी. हे वाचून उठून बॅलास्ट उडवू नका. आधी आपल्या कॉइलचा रोध मोजा. दीड ओहमची कॉइल असेल आणि मॉड्यूलला करंट आवरायची सोय नसेल, तर बॅलास्ट काढल्यावर 9 अँपिअर जातील आणि कॉइल किंवा मॉड्यूल, जे आधी दमेल ते जळेल.

जुनीगाडी, तुम्ही ती तार फक्त रिलेचा चिमटा ओढायला वापरा. कॉइल आणि मॉड्यूलला वीज रिलेमार्फत, फ्यूज घालून, सरळ बॅटरीवरून. ईसीयूची मुख्य तार त्यात जोडू नका, ती स्वतंत्रच बॅटरीवर राहू द्या. आणि अर्थ इंजिन ब्लॉकवर, रंग खरवडून. चालू गाडीत ब्लॉक ते बॅटरी निगेटिव्ह मोजा, 0.2 व्होल्टच्या वर काही दिसलं तर जोड वाईट आहे.

बोनेटखाली
त्याच बैठकीत प्लग काढून बघा. आणि प्लगच्या वायरी कोणत्या? नुसत्या तांब्याच्या तारेच्या असतील तर त्या बदला. त्यांचा विद्युत गोंधळ ईसीयूच्या आरपीएम तारेत शिरतो. या तुमच्या लॉगमध्ये आरपीएम शून्यावर आपटलेला नाही, पण किती जणांचा खड्डा तोच असतो!

नवशिक्या
वाचनखूण साठवली आहे. कॉलेजात ओहमचा नियम पाठ केला होता, कशासाठी ते आज कळलं.

जुनीगाडी
तीन दिवस लागले, पण सांगायला आलोय.

रिले लावला. कॉइलवर आता 13.8. प्लग काढले तर आठपैकी सहा काजळीने काळेकुट्ट, दोन तर ओले. नवे टाकले. वायरी रोधवाल्याच होत्या, त्या तशाच ठेवल्या.

बाकी काहीही न बदलता फेरी मारली. दम खाणं गेलं! पण गाडी जड, सुस्त, धूर आहेच. दाबल्यावर एअर-फ्युएल थेट 10.4.

तेलकट हात
असणारच. दोन कारणं. एक, ते 40 टक्के अजून आतच आहेत. दुसरं लोक विसरतात: ईसीयू या दोन महिन्यांत खोटं शिकलाय. भारावर मिसिंग झालं की त्याला लीन दिसायचं, आणि तो त्या खान्यात पेट्रोल वाढवून ठेवायचा. लर्न टेबल, म्हणजे त्याने शिकलेल्या टक्क्यांचा तक्ता, उघड, 70 ते 90 किलोपास्कलच्या रांगेत बघ.

जुनीगाडी
काका, तुम्ही माझ्या गाडीत बसला होतात का? 1600 ते 2200 च्या खान्यांत अधिक 15 ते अधिक 19. बाजूच्या खान्यांत अधिक 2, वजा 1.

तेलकट हात
ते पुसून टाक. एनरिचमेंट परत कंपनीच्या आकड्यावर. मग दोन-तीन दिवस साधी, झटके न देता चालव. चढावर स्थिर पेडल, सपाटीवर स्थिर पेडल, वेगवेगळे आरपीएम. खाने भरू देत. ते शांत झाले की लर्निंग बंद कर आणि मगच पेडलच्या झटक्याला हात लाव. चालती जमीन सपाट नसताना भिंतीचा ओळंबा बघू नये.

झटके तीन प्रकारचे दे: थोडा, अर्धा, पूर्ण. प्रत्येक बदल 5 टक्क्यांचा, आणि एका वेळी एकच. टोक 12.5 ते 13.5 च्या मध्ये बसलं की पुरे, त्याहून सुंदर रेघ काढायच्या नादी लागू नको.

बोनेटखाली
भर घालतो. किटमध्ये एनरिचमेंट कधी सुरू व्हावं याचाही आकडा असतो, थ्रॉटल सेकंदाला किती टक्के हलला की. तो फार खाली ठेवला तर टीपीएसच्या बारीक थरथरीलाही पिचकारी सुटते आणि गाडी क्रूझला उगाच रिच राहते. लॉगमध्ये पाय स्थिर असताना थ्रॉटल किती थरथरतो ते बघा आणि उंबरठा त्याच्या वर ठेवा.

अर्ध्या पान्याचा
जाता जाता, माझा टीपीएस बदलल्यावर एक खड्डा तरी राहिलाच होता, तो वेगळा निघाला. लांब वळणावर जोर लावला की दोन-तीन सेकंदांनी गाडी मरायची. टाकी पावच्या खाली असली की पेट्रोल एका बाजूला जायचं आणि पंप हवा ओढायचा. पेडल दाबताक्षणी अडखळते ती एक गोष्ट, दाबून धरल्यावर दोन सेकंदांनी मरते ती दुसरी. दुसरीत टाकीकडे बघा.

चौथा गिअर
मान्य, मी चुकलो. घरी जाऊन माझ्या कॉइलवर मीटर लावला. 60 टक्क्यांचं गुपित कळलं. 9.7 🤦

ओहमचा नियम
😄 रोध मोजल्याशिवाय काही उपटू नका!

जुनीगाडी
शेवटची खबर. कंपनीच्या आकड्यावर टोक 15.6 आलं, हलकासा अडखळा होता, तो खरा लीन. 5 टक्के वाढवलं तर 14.7. 10 ला 13.8. 15 ला 13.1, तिथे थांबलो. पूर्ण पेडललाही साफ उचलते, धूर नाही.

एक उरलंय. सकाळच्या पहिल्या पाच मिनिटांत, इंजिन थंड असताना अर्ध्या पेडलला अजून किंचित अडखळते. गरम झाली की नाही.

तेलकट हात
भिंत थंड, हप्ता मोठा. कूलंटच्या तापमानावर एनरिचमेंट किती पट करायचं याचं वेगळं टेबल असेल. फक्त खालची दोन-तीन घरं वाढव, गरम घरांना हात लावू नको. आणि रोज एकच प्रयोग करता येईल, कारण इंजिन थंड एकदाच सापडतं. घाई नको.

जुनीगाडी
केलं, 20 अंशांच्या घरात थोडं वाढवलं. आज बरं होतं, उद्या अजून थोडं. काका, ताई, बोनेटखाली, सगळ्यांचे आभार. लॉग जपून ठेवलेत, कोणाला हवे असतील तर विचारपुशीत सांगा.

रिकामटेकडा
माझी गाडी सिग्नलला उभी असताना 700 ते 1100 झोके घेते. हेच कारण असेल का?

बोनेटखाली
नाही. वेगळा धागा काढा, आणि लॉग घेऊन या.